प्रिंटरचा ड्रायव्हर चालला रिटायर व्हायला: मग झेरॉक्सवाल्याच्या जुन्या प्रिंटरचं आणि तुमच्या आधारच्या पीडीएफचं काय?

नवीन प्रिंटर आणला की आधी सीडी शोधायची, मग वेबसाइटवर जाऊन मॉडेल नंबर टाकायचा, मग ड्रायव्हर डाउनलोड करायचा. कॉम्प्युटर आणि प्रिंटर म्हटलं की हे आलंच, असं आपण धरून चाललो होतो. ही पद्धत आता मोडीत निघतेय. मायक्रोसॉफ्टने सप्टेंबर २०२३ मध्येच सांगून टाकलं होतं की कंपन्यांचे वेगवेगळे प्रिंटर ड्रायव्हर विंडोज अपडेटमधून देणं टप्प्याटप्प्याने थांबणार. वेळापत्रक असं: जानेवारी २०२६ पासून विंडोज अपडेटवर नवीन ड्रायव्हर सरसकट घ्यायचे नाहीत. १ जुलै २०२६ पासून विंडोजने आपला स्वतःचा, सगळ्यांसाठी एकच असलेला ड्रायव्हर आधी निवडायचा. आणि १ जुलै २०२७ पासून सुरक्षेच्या दुरुस्त्या सोडून जुन्या ड्रायव्हरना अपडेटही द्यायचे नाहीत.

घाबरू नका, चालू असलेला प्रिंटर १ जुलैला सकाळी बंद पडणार नाही. टाकलेला ड्रायव्हर चालत राहील, कंपनीच्या वेबसाइटवरून घेऊन टाकताही येईल. पण दिशा स्पष्ट आहे. आणि गंमत म्हणजे विंडोज आज ज्या रस्त्याला लागलंय, त्या रस्त्यावर लिनक्स, मॅक आणि तुमच्या खिशातला फोन आधीच चालतायत. म्हणून हा विषय नीट समजून घ्यायचा तर युनिक्सच्या बाजूने बघावं लागतं.

ड्रायव्हर होता कशाला?

प्रत्येक कंपनीचा प्रिंटर आपली वेगळी भाषा बोलायचा. कॉम्प्युटरला ती येत नसायची, म्हणून मध्ये दुभाषा लागायचा. तो दुभाषा म्हणजे ड्रायव्हर. अडचण अशी की हा दुभाषा कंपनी पाठवते, आणि कंपनीला जुन्या मॉडेलमध्ये रस उरला नाही की दुभाषा म्हातारा होतो. नवीन ऑपरेटिंग सिस्टीम आली की तो चालत नाही.

हे दुखणं फार जुनं आहे. १९८० च्या सुमारास अमेरिकेतल्या एमआयटीच्या प्रयोगशाळेत झेरॉक्स कंपनीचा लेझर प्रिंटर आला. कागद अडकला की सगळ्यांना निरोप जाईल अशी सोय रिचर्ड स्टॉलमनला त्यात करायची होती. त्यासाठी लागणारा सोर्स कोड त्याला मिळाला नाही. पुढे १९८३ मध्ये त्याने जीएनयू प्रकल्प जाहीर केला, आणि आज आपण ज्याला लिनक्स म्हणतो त्यातला मोठा भाग तिथून आला. म्हणजे मुक्त सॉफ्टवेअरच्या चळवळीच्या मुळाशी एक न ऐकणारा प्रिंटर आहे.

युनिक्सवर छपाईचं काम आज जे सॉफ्टवेअर करतं त्याचं नाव कप्स. मायकेल स्वीट नावाच्या प्रोग्रामरने ते लिहायला घेतलं, १९९९ मध्ये ते बाहेर आलं. २००२ मध्ये ॲपलने ते मॅकमध्ये घेतलं आणि २००७ मध्ये त्याचा सोर्स कोड विकत घेऊन स्वीटला नोकरीवर ठेवलं. २०१९ च्या शेवटी स्वीटने ॲपल सोडलं आणि त्यानंतर कप्सचं काम ओपनप्रिंटिंग या गटाकडे आलं. उबंटू असो, मॅक असो की क्रोमबुक, प्रिंटचं बटण दाबल्यावर आत कप्सच पळत असतं.

कप्स ज्या भाषेवर उभं आहे ती आयपीपी, म्हणजे इंटरनेट प्रिंटिंग प्रोटोकॉल. वेबसाइट ज्या एचटीटीपीवर चालते त्याच्याच पाठीवर बसलेली. पोर्ट नंबर ६३१. कॉम्प्युटर प्रिंटरला विचारतो, 'तुला कुठला कागद चालतो, रंग आहे का, दोन्ही बाजूंनी छापतोस का?' प्रिंटर स्वतःच उत्तर देतो. दुभाष्याची गरजच नाही. ॲपलचं एअरप्रिंट २०१० मध्ये आलं, ते मुळात आयपीपीच आहे. अँड्रॉइडवर मोप्रिया आहे, तीही त्याच घराण्यातली. अँड्रॉइड ८ पासून फोनमध्ये कुठलंही ॲप न टाकता प्रिंट देता येते ती याच जोरावर. आता विंडोजही तीच भाषा पहिली धरणार, आणि कप्सच्या पुढच्या मोठ्या आवृत्तीत जुन्या पद्धतीचे ड्रायव्हर ठेवायचे नाहीत असं ओपनप्रिंटिंगनेही ठरवलंय.

आपल्या शहरात याचा संबंध कुठे?

दोन ठिकाणी. पहिलं ठिकाण अदालत रोड.

देशभरातल्या जिल्हा न्यायालयांच्या ई-कोर्ट्स प्रकल्पाने विंडोजऐवजी उबंटू लिनक्स निवडलं, आणि न्यायाधीशांपासून कर्मचाऱ्यांपर्यंत सगळ्यांना त्याचं प्रशिक्षण दिलं. खटल्यांची नोंद ठेवणारं सीआयएस हे सॉफ्टवेअरही मुक्त तंत्रज्ञानावर, एनआयसीच्या पुण्याच्या केंद्राने बनवलेलं. तुम्ही फोनवर ई-कोर्ट्सचं ॲप उघडून पुढची तारीख बघता ना, ती माहिती या व्यवस्थेतून येते. सप्टेंबर २०२३ मध्ये या प्रकल्पाच्या तिसऱ्या टप्प्याला ७,२१० कोटी रुपये मंजूर झाले आणि त्यातला सगळ्यात मोठा वाटा जुनी रेकॉर्ड स्कॅन करून जपण्यासाठी आहे.

कागद स्कॅन होतायत म्हणून कागद संपला का? नाही. निकालाची प्रमाणित नक्कल, नोटीस, समन्स, वकिलांची प्रत हे सगळं अजून कागदावरच लागतं. म्हणजे सरकारी यंत्रणेत लिनक्सवरची छपाई हा हौशी लोकांचा विषय राहिलेला नाही. जामिनाच्या आदेशाची प्रत निघायला अर्धा तास उशीर झाला तर कुणाचा तरी मुलगा एक रात्र जास्त आत राहतो. तिथे 'प्रिंटर चालत नाहीये' हे वाक्य साधं नसतं.

दुसरं ठिकाण म्हणजे झेरॉक्सची दुकानं. औरंगपुरा, उस्मानपुरा, टीव्ही सेंटर, विद्यापीठ गेटचा परिसर. ॲडमिशनचा सीझन, स्कॉलरशिपचे फॉर्म, पोलीस भरती, सगळ्याची शेवटची पायरी इथे. आणि इथल्या टेबलावर बहुतेक वेळा दोनच यंत्रं दिसतात: कॅनन एलबीपी २९०० किंवा एचपी लेझरजेट १०२०. दणकट, टोनर स्वस्त, दुरुस्ती गल्लीत होते. दुकानदार ते बदलायला तयार नसतो आणि त्याचं बरोबर आहे.

पण या दोघांपैकी एकालाही आयपीपी येत नाही. दोन्ही फक्त यूएसबीवर चालतात, वाय-फाय नाही, नेटवर्कचं भोक नाही. २९०० कॅननची स्वतःची कॅप्ट नावाची भाषा बोलतो. १०२० तर आणखी विसराळू: त्याचं फर्मवेअर त्याच्या पोटात राहतच नाही, दर वेळी चालू केल्यावर कॉम्प्युटरने ते भरवावं लागतं. म्हणजे हे दोघे पूर्णपणे दुभाष्यावर अवलंबून. ड्रायव्हर गेला की यंत्र धडधाकट असूनही भंगार.

जुना प्रिंटर भंगारात का टाकायचा नाही

इथे दुसरी बातमी जोडून बघा. विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. दुकानातला आठ-दहा वर्षांचा कॉम्प्युटर विंडोज ११ च्या अटींत बसत नाही. म्हणजे एका टेबलावर दोन 'निवृत्त' वस्तू: जुना कॉम्प्युटर आणि जुना प्रिंटर. नवीन घ्यायचं म्हटलं तर दोन्हींचा खर्च.

पण त्याच जुन्या कॉम्प्युटरवर डेबियन किंवा उबंटू टाकलं, कप्स बसवलं आणि प्रिंटर यूएसबीने जोडला, तर तो कॉम्प्युटर प्रिंट सर्व्हर होतो. बाहेरून येणारा फोन किंवा लॅपटॉप त्याच्याशी आयपीपीत बोलतो. आत कप्स ते काम जुन्या भाषेत फिरवून प्रिंटरला देतं. प्रिंटर जुनाच, पण नेटवर्कला तो नव्यासारखा दिसतो. दुभाषा गेला नाही, फक्त प्रत्येकाच्या कॉम्प्युटरवरून उठून एका जागी येऊन बसला.

अडचणी आहेत, त्याही सांगायला हव्यात. १०२० साठी एचपीचं लिनक्स पॅकेज मिळतं, पण त्याच्यासोबत कंपनीचं बंद प्लगइन वेगळं उतरवून घ्यावं लागतं. ते राहिलं की प्रिंटर नुसता दिसतो, छापत नाही. २९०० साठी कॅननने लिनक्स ड्रायव्हर दिला होता, पण तो इंटेल-एएमडी जातीच्या प्रोसेसरसाठी. रास्पबेरी पायवर तो चालत नाही. तिथे लोकांनी मिळून लिहिलेला कॅप्टड्रायव्हर वापरून बघावा लागतो. म्हणून २९०० असेल तर पाय विकत घेण्याआधी घरातला जुना डेस्कटॉपच कामाला लावा.

सोय करताना दार उघडं ठेवू नका

नेटवर्कवर प्रिंटर टाकला की तो सगळ्यांना दिसतो, आणि 'सगळ्यांना' या शब्दात चोरही येतात. २०२१ मध्ये विंडोजमध्ये 'प्रिंटनाइटमेअर' गाजलं. मायक्रोसॉफ्टनेच सांगितलंय की त्यांच्याकडे येणाऱ्या विंडोजच्या सुरक्षा तक्रारींपैकी ९ टक्के छपाईशी जोडलेल्या असतात. त्यांना ड्रायव्हर नकोसे झालेत त्याचं हे एक मोठं कारण.

लिनक्सवाल्यांनी हसायचं कारण नाही. २६ सप्टेंबर २०२४ ला सिमोने मार्गारितेल्ली या इटालियन संशोधकाने कप्सच्या साथीदार प्रोग्राममधल्या चार चुका उघड केल्या. पहिल्या चुकीचा नंबर सीव्हीई-२०२४-४७१७६. नेटवर्कवरचे प्रिंटर शोधून आपोआप जोडणारा कप्स-ब्राउज्ड नावाचा प्रोग्राम पोर्ट ६३१ वर कुणाचाही निरोप ऐकायचा. कुणीही सांगावं, 'अमुक पत्त्यावर नवीन प्रिंटर आहे', आणि याने जाऊन विचारपूस करावी. तो खोटा प्रिंटर आपल्या माहितीत एक कमांड लपवून पाठवायचा. पुढे कुणी त्या प्रिंटरवर प्रिंट दिली की कमांड कॉम्प्युटरवर चालायची.

यात दोन गोष्टी लक्षात घ्या. एक, हल्ला पूर्ण व्हायला त्या खोट्या प्रिंटरवर कुणीतरी प्रिंट द्यावी लागायची, म्हणून सुरुवातीला उठलेल्या गवगव्याइतकं ते भयानक ठरलं नाही. दोन, ज्यांचा पोर्ट ६३१ थेट इंटरनेटला उघडा होता, धोका मुख्यतः त्यांना होता. घरच्या किंवा दुकानाच्या राउटरच्या मागे असलेल्याला बाहेरून सहज गाठता येत नव्हतं. त्यातून निघालेले नियम आजही तेच आहेत: सिस्टीम अपडेट ठेवा. कप्स-ब्राउज्ड लागत नसेल तर बंद करा. आणि राउटरमध्ये पोर्ट फॉरवर्डिंग करून ६३१ बाहेर उघडायचा सल्ला कुणी यूट्यूबवर दिला, तर तो व्हिडिओ तिथेच थांबवा.

प्रिंट निघत नाही? या क्रमाने बघा

लोक पहिल्यांदा काय करतात? सगळं बंद करून चालू करतात, मग ड्रायव्हर पुन्हा टाकतात. कधी कधी जमतंही. पण का जमलं ते कळत नाही, म्हणून पुढच्या वेळी परत तेच. त्यापेक्षा प्रिंटरपासून सुरू करून फोनकडे या.

१. प्रिंटर स्वतः ठीक आहे का? त्याच्या बटणांवरून टेस्ट पेज काढा. ते निघालं नाही तर कॉम्प्युटरकडे बघूच नका. नेटवर्क प्रिंटर असेल तर त्याच कागदावर त्याचा आयपी पत्ता छापून येतो.

२. पत्ता तोच आहे का? तो आयपी फोनच्या ब्राउझरमध्ये टाका. प्रिंटरचं पान उघडलं तर रस्ता मोकळा. आपल्याकडे लाईट गेली आणि आली की राउटर कधी कधी प्रिंटरला नवा पत्ता देतो, आणि कॉम्प्युटर जुन्याच दारावर टकटक करत बसतो. राउटरमध्ये प्रिंटरसाठी पत्ता राखून ठेवा, किंवा क्यू बनवताना पत्त्याऐवजी आपोआप सापडलेलं नाव निवडा.

३. रांग थांबली आहे का? कप्सच्या कॉम्प्युटरवर ब्राउझरमध्ये 'लोकलहोस्ट, कोलन, ६३१' उघडा, सगळे प्रिंटर आणि अडकलेली कामं दिसतील. टर्मिनलची सवय असेल तर एलपीस्टॅट कमांड डॅश टी लावून द्या. काही सिस्टीमवर एकदा चूक झाली की कप्स ती रांगच थांबवतं, आणि कॉम्प्युटर रीस्टार्ट केला तरी ती थांबलेलीच राहते. त्या पानावर 'रिझ्यूम' दाबा किंवा कप्सएनेबल ही कमांड द्या. पण आधी साचलेली जुनी कामं रद्द करा, नाहीतर एकाच फॉर्मच्या वीस प्रती निघतील.

४. कागदाचं माप जुळतंय का? हे सगळ्यात जास्त फसवतं. उबंटू टाकताना अमेरिकन इंग्रजी निवडलं की कागदाचं माप गुपचूप 'लेटर' होतं. ट्रेमध्ये ए-४ असतो, प्रिंटर लेटरची वाट बघत दिवा मिचकावत बसतो आणि आपण ड्रायव्हरला शिव्या देतो. कोर्टाच्या कामात तर लीगल आणि ए-४ यांची सरमिसळ कायमची. सर्वोच्च न्यायालयाने १ एप्रिल २०२० पासून ए-४ कागदाच्या दोन्ही बाजूंना छपाई असं ठरवलं, पण जुने नमुने अजून लीगलच्या मापात फिरतात. क्यूचं ठरलेलं माप एकदा तपासून ए-४ करून टाका.

५. 'फिल्टर फेल्ड' असा निरोप येतोय का? मग खरोखर ड्रायव्हरचा किंवा फर्मवेअरचा प्रश्न आहे. कप्सच्या लॉगमध्ये, म्हणजे व्हार-लॉग-कप्स फोल्डरातल्या एरर-लॉग फाइलमध्ये कारण लिहिलेलं असतं. गरज पडली तर त्याच वेब पानावरून डीबग लॉगिंग चालू करा, एकच प्रिंट द्या, वाचा आणि परत बंद करा.

६. कॉम्प्युटरवरून निघते, फोनवरून नाही? मग फोन आणि प्रिंटर एकाच वाय-फायवर आहेत का बघा, व्हीपीएन बंद करा, सेटिंगमध्ये 'प्रिंटिंग' शोधून डीफॉल्ट प्रिंट सर्व्हिस चालू करा. होस्टेल, कॉलेज आणि कॅफेच्या वाय-फायवर बहुधा एका उपकरणाला दुसरं दिसू देत नाहीत. तिथे प्रिंटर दिसणारच नाही, आणि ते सुरक्षेसाठी योग्यच आहे.

मराठीचं एक वेगळं दुखणं आहे. श्रीलिपी किंवा कृतिदेवमध्ये टाइप केलेली फाइल तो फॉन्ट नसलेल्या कॉम्प्युटरवर उघडली की अक्षरांचा चिवडा होतो. हा दोष प्रिंटरचा नाही. फाइल जिथे बनवली तिथेच तिची पीडीएफ करा, म्हणजे फॉन्ट तिच्या पोटात बसून येतो.

आणि तुमचं आधार?

आता खऱ्या मुद्द्यावर येऊ. आज तुम्ही प्रिंट कशी काढता? दुकानाच्या नंबरवर व्हॉट्सॲप करता. ई-आधारची पीडीएफ, मार्कशीट, पॅन, बँकेचं स्टेटमेंट. फाइलला पासवर्ड असतो, तोही तुम्हीच सांगता: नावाची पहिली चार अक्षरं आणि जन्माचं साल. फाइल दुकानाच्या फोनमध्ये राहते, व्हॉट्सॲप वेबमुळे कॉम्प्युटरच्या डाउनलोड फोल्डरमध्ये राहते. दुकानदार प्रामाणिक असतो, पण तो कॉम्प्युटर दिवसभरात कोण कोण वापरतं? मे २०२२ मध्ये आधार प्राधिकरणाच्या बेंगळुरू कार्यालयाने नेमका हाच इशारा दिला होता: सायबर कॅफेच्या कॉम्प्युटरवर ई-आधार उतरवू नका, मास्क्ड आधार वापरा. गैरसमज होतोय म्हणून दोन दिवसांत तो इशारा मागे घेतला गेला. प्रश्न मात्र तिथेच राहिला.

फोनवरून थेट आयपीपीने प्रिंट दिली तर फाइल कुणाच्या चॅटमध्ये जात नाही. पासवर्ड तुम्ही तुमच्याच फोनवर टाकता. एवढ्यावर खूश होऊ नका, कारण कप्ससुद्धा छापलेली फाइल लगेच पुसत नाही. मूळ सेटिंगप्रमाणे ती ८६,४०० सेकंद, म्हणजे पूर्ण एक दिवस, स्पूल फोल्डरमध्ये पडून असते. कप्सच्या सेटिंग फाइलमध्ये 'प्रिझर्व्ह जॉब फाइल्स' पुढे 'नो' लिहिलं की काम झाल्याबरोबर फाइल जाते. एक ओळ, एकदाच लिहायची. आणि पैसे घेतल्याशिवाय प्रिंट बाहेर पडू नये म्हणून आलेलं प्रत्येक काम आधी रोखून धरायची सोयही कप्समध्ये आहे. दुकानदार नाव बघून सोडेल. गिऱ्हाइकांसाठी वेगळं वाय-फाय ठेवून त्यावर फक्त हा प्रिंट सर्व्हर ठेवला, तर दुकानाचा हिशोबाचा कॉम्प्युटर बाजूला सुरक्षित राहतो.

डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा २०२३ मध्ये झाला, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले. आपला डेटा म्हटलं की आपल्याला मोठ्या ॲप कंपन्या आठवतात. पण शहरातल्या पोरांची सगळ्यात नाजूक कागदपत्रं रोज ज्या कॉम्प्युटरवर उतरतात तो कॉम्प्युटर गल्लीच्या कोपऱ्यावर आहे. तो सुधारायला कोट्यवधी लागत नाहीत.

माझं मत असं: ड्रायव्हर जाणं ही चांगली बातमी आहे, पण तिचा फायदा आपोआप होणार नाही. नवीन प्रिंटर घेणाऱ्याला होईल. जुनं यंत्र असलेल्याला कुणीतरी दोन तास बसून कप्स लावून द्यावं लागेल. शहरात इतकी इंजिनिअरिंग कॉलेजं आहेत, दर वर्षी मिनी प्रोजेक्टसाठी त्याच त्याच अटेंडन्स सिस्टीम बनतात. एखाद्या ग्रुपने शेजारच्या झेरॉक्सवाल्या काकांचा २९०० नेटवर्कवर आणून दाखवला, फाइल आपोआप पुसली जाते हे तपासून दिलं, तर सरांनाही प्रश्न विचारायला काहीतरी नवीन मिळेल. तोवर तुम्ही एवढं करा: पुढच्या वेळी आधार मास्क्ड काढा, आणि व्हॉट्सॲपवर पाठवलीत तर प्रिंट हातात पडल्यावर 'काका, फाइल डिलीट करा ना' म्हणा आणि ती कॉम्प्युटरवरून गेलेली डोळ्यांनी बघूनच निघा.